सोलर बंबाचे पाणी जाते कुठे?



आजीच्या वेळचा तांब्याचा बंब गळू लागला, की पाणी विस्तवावर पडून चर्र आवाज होई आणि घरभर कळे. आता बंब छपरावर गेला. काचेच्या नळ्यांचा सोलर गळतो तेव्हा ना आवाज, ना धूर. पाणी मात्र जाते. उन्हाळ्यात त्या पाण्याचे मोल तुम्हांला मी काय सांगावे? तेव्हा कारागिराला बोलावण्याआधी दुखणे कुठे आहे ते आपणच शोधू या.

रात्री गार पाण्याची टाकी भरा. भरणारा पंप बंद, घरातले सगळे नळ बंद. टाकीत काठी बुडवून ओल कुठवर आली तिथे खूण करा. पहाटे पुन्हा काठी बुडवा. पातळी सूतभर उतरली तर काळजी नको. तापलेले पाणी रात्री निवते आणि आकसते. चार बोटे उतरली, तर गळती नक्की समजा.

दुसऱ्या रात्री सोलरकडे जाणारा कॉक बंद करून हीच परीक्षा घ्या. आता पातळी जागच्या जागी राहिली, तर दोष सोलरच्या अंगाला किंवा गरम पाण्याच्या पाइपात. तरीही उतरली, तर टाकी आणि गार पाण्याचे नळ तपासा. कॉक मात्र उजाडण्यापूर्वी आठवणीने उघडा. उन्हात कोरड्या तापलेल्या काचनळीत गार पाणी शिरले, तर ती तडकते.

सोलरच्या अंगाला काय पाहावे? नळ्यांच्या तोंडाशी रबरी रिंग असते. तिथे क्षारांचे पांढरे ओघळ दिसले, की गळती सापडली. टाकीवर उभी हवानळी असते. टाकी काठोकाठ भरल्यावरच तिच्यातून पाणी येत असेल, तर ती आखूड आहे. उंच करून घ्या. पण बाबांनो, तिच्यात चिंधी कोंबू नका! वाफेला वाट उरली नाही, तर टाकी फुटण्याची भीती. आणि गरम पाणी काढताना हवा आत आली नाही, तर पत्रा आत ओढला जातो.

आता पाण्याच्या जोराविषयी. मोठी टाकी बसवली की जोर वाढतो, हा समज खोटा आहे. जोर उंचीवर असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल, तर दाब त्याच्या तीन दशांश. गार नळ जोरात आणि गरम नळ मंद असेल, तर उंचीला बोल लावू नका. कॉक अर्धवट बंद आहे का, पाइपात हवा अडकली आहे का, बोअरच्या पाण्याचे क्षार साचले आहेत का, ते पाहा.

गुरुजी, वसतिगृहात सोलर असेल, तर ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर मापाचे भांडे ठेवा. पाव लिटर साचले, तर दिवसाचे ६ लिटर, महिन्याचे १८० लिटर. हे गणित मुलांनाच करू द्या. फळ्यावरचा आकडा ती विसरतील. स्वतः मोजलेले पाणी विसरणार नाहीत.