एका गोलाचा विजय

खेळाच्या मैदानावर मोठा विजय मिळाला म्हणजे लोक आनंदानें घरीं जातात आणि स्वस्थ झोपतात. परंतु आपल्या संघानें आपल्याच गांवीं, आपल्या डोळ्यांदेखत, अवघ्या एका गोलानें सामना जिंकला, तर त्या रात्रीं झोप जरा उशिरानेंच येते. असें कां व्हावें, याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें. कोल्हापुरांत तालमींच्या संघांचे फुटबॉलचे सामने ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना माझें म्हणणें चटकन् पटेल. परंतु मीं आज उदाहरण निवडलें आहे तें दूरचें, इंग्लंडमधील लेस्टर या शहराचें.

लेस्टर हें इंग्लंडच्या मध्यभागीं वसलेलें, मोज्यांच्या व पायताणांच्या धंद्यासाठीं एके काळीं नांवाजलेलें गांव. आपल्याकडील गुजराती मंडळीही तेथें मोठ्या संख्येनें स्थायिक झालीं आहेत. येथील फुटबॉल संघ 1884 सालीं स्थापन झाला. परंतु इंग्लंडमधील सर्वश्रेष्ठ वर्गाचें अजिंक्यपद त्याला सव्वाशेंहून अधिक वर्षांत एकदांही लाभलें नव्हतें. 2014 सालच्या नाताळांत तर तो वीस संघांच्या यादींत अगदीं तळाशीं होता. पुढें 2015 च्या वसंतांत त्यानें शेवटच्या नऊ सामन्यांपैकीं सात जिंकले आणि तो कसाबसा वांचला. त्याच सुमारास, 26 मार्च 2015 रोजीं, गाड्या उभ्या करण्याच्या एका आवाराखालीं सांपडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या अस्थींचें लेस्टरच्या मुख्य चर्चमध्यें विधिपूर्वक दफन झालें होतें. तेव्हां हा सारा राजाचा आशीर्वाद, असें संघाचे अभिमानी हंसत हंसत म्हणूं लागले. क्रीडाप्रेमी माणूस तर्काला सोडीत नाहीं; पण शकुनालाही दुखवीत नाहीं!

पुढच्या हंगामासाठीं क्लाउदिओ रानिएरी हे इटालियन गृहस्थ व्यवस्थापक म्हणून आले. लेस्टर अजिंक्य ठरेल अशी पैज लावणारास त्या वेळीं एकास पांच हजार असा भाव मिळत होता. म्हणजे ती गोष्ट अशक्य कोटींतील मानली जात होती. तथापि फेब्रुवारी 2016 उजाडला तो लेस्टरला अग्रस्थानीं ठेवून. 14 फेब्रुवारीस लंडनमध्यें आर्सेनल संघाशीं गांठ पडली. सामना बरोबरींत सुटणार असें वाटत असतांना, नव्वद मिनिटें उलटून गेल्यावर वाढीव वेळांत लेस्टरवर गोल झाला आणि तो सामना हातचा गेला. क्षणार्धांत सर्वस्व कसें हिरावलें जातें, याचा हा ताजा घाव घेऊनच लेस्टरचे प्रेक्षक 27 फेब्रुवारीच्या शनिवारीं आपल्या घरच्या मैदानावर जमले. पाहुणा संघ होता नॉरिच शहराचा. तो यादींत फार खालीं होता. सर्वांचा समज असा कीं, हा सामना सोपा.

सोपा समजलेला सामना हाच प्रेक्षकाचा सर्वांत मोठा शत्रु होय. मध्यंतर झालें, गोल नाहीं. एक तास उलटला, गोल नाहीं. नॉरिचचे खेळाडू दाटी करून उभे. लेस्टरचा प्रत्येक हल्ला त्या भिंतीवर आपटून परत येई. त्या काळीं लेस्टरच्या मैदानावर प्रत्येक आसनावर घडी घातलेला पुठ्ठा ठेवीत; तो तळहातावर आपटून प्रेक्षक एकच नाद उठवीत. पण मनांत भय शिरलें म्हणजे हात जड होतात. अशा वेळीं रानिएरींनीं लिओनार्दो उलोआ हा आघाडीचा उंच खेळाडू मैदानांत धाडला. एकोणनव्वदावें मिनिट लागलें. मार्क ऑलब्रायटननें डावीकडून चेंडू गोलासमोर आडवा मारला. तो साऱ्यांना चुकवून पलीकडच्या खांबाकडे गेला, आणि तेथें उलोआनें घसरत जाऊन तो आंत लोटला. एक विरुद्ध शून्य!

या क्षणाची नोंद मनुष्याच्या स्मृतीखेरीज आणखी एका ठिकाणीं झाली. मैदानाजवळच्या एका प्राथमिक शाळेंत लेस्टर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं भूकंपमापक यंत्र बसविलें होतें. हजारों माणसें एकाच क्षणीं उडालीं, त्या धक्क्याची नोंद यंत्रानें 0.3 तीव्रतेचा भूकंप अशी केली. धक्का अर्थात् अत्यल्पच. त्यानें कपाटांतील कपबशीही हलली नसेल. पण एरवीं दूरदूरच्या भूकंपांची चाहूल घेणाऱ्या यंत्राला एका गांवाच्या सुटकेच्या निःश्वासाची दखल घ्यावी लागली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मी त्यास मुद्दामच निःश्वास म्हणतों. कारण निसटत्या विजयांत आनंद मागाहून येतो. आधीं येते ती सुटका.

मग प्रेक्षक घरची वाट चालूं लागतो आणि त्याच्या मनांत हिशेब सुरू होतो. बरोबरीस एक गुण, विजयास तीन. म्हणजे एका घसरत्या पावलानें दोन गुण मिळविले. त्या रात्रीं लेस्टर दुसऱ्या क्रमांकाच्या संघाहून पांच गुणांनीं पुढें होता. परंतु हिशेबाच्या मागोमाग शंका येते. आपण हा सामना जिंकलों, कीं तो आपणांस मिळाला? चेंडू वीतभर पुढें गेला असता तर? येथें खऱ्या अभिमान्याची परीक्षा होते. सारें श्रेय पराक्रमाला देणारा आंधळा असतो, आणि सारें दैवाच्या पदरांत टाकणारा कृतघ्न असतो. शहाणा प्रेक्षक म्हणतो, चेंडू तेथवर पोंचला हें थोडें दैव. पण एकोणनव्वदाव्या मिनिटालाही आपला माणूस तेथें धांवत पोंचला, हें दैव नव्हे.

हा केवळ मनाचा समजही नव्हता. 27 फेब्रुवारीपासून 3 एप्रिलपर्यंत लेस्टरनें सहा सामने खेळले. एक बरोबरींत सुटला, आणि उरलेले पांचही एक विरुद्ध शून्य असेच जिंकले. योगायोग पांच वेळां त्याच दारीं येत नाहीं. हंगामाच्या आरंभीं याच संघावर पहिल्या नऊ सामन्यांपैकीं प्रत्येकांत गोल झाला होता. तेव्हां रानिएरींनीं खेळाडूंना आमिष दाखविलें कीं, एकही गोल होऊं दिला नाहीं तर मी तुम्हांस पिझ्झा खाऊं घालीन. ऑक्टोबर 2015 मध्यें क्रिस्टल पॅलेस संघावर घरच्या मैदानीं मिळविलेला विजयही एका गोलाचाच होता, आणि त्या दिवशीं ही अट प्रथम पुरी झाली. गंमत अशी कीं, मेजवानीच्या वेळीं पिझ्झा खेळाडूंनाच आपल्या हातानें करावा लागला! थोडक्यांत जिंकणें ही देखील कष्टानें साधलेली विद्या असते, ती अशी.

आतां प्रश्न असा कीं, या विजयांत ओरडणाऱ्या प्रेक्षकाचा वांटा किती? पुष्कळांना हा त्याचा भोळा समज वाटतो. परंतु साथीच्या काळांत, 2020-21 च्या हंगामांत, इंग्लंडमधील बहुतेक सामने रिकाम्या मैदानांवर झाले. त्या हंगामांतील 380 सामन्यांपैकीं यजमान संघांनीं 144 जिंकले, तर पाहुण्यांनीं 153. पाहुण्यांचे विजय यजमानांहून अधिक भरावे, असें त्या वर्गाच्या इतिहासांत प्रथमच घडलें. एकट्या आंकड्यानें सिद्धांत होत नाहीं हें खरें. तरी पुठ्ठा आपटणारा हात अगदींच निष्फळ नसतो, एवढें समाधान त्या हाताच्या धन्यानें मानावयास हरकत नाहीं.

2 मे 2016 रोजीं लेस्टरचें अजिंक्यपद निश्चित झालें. हंगामाअखेर त्याचे 81 गुण भरले आणि दुसरा संघ दहा गुणांनीं मागें राहिला. आतां गणिती मनुष्य म्हणेल, नॉरिचवरील ते दोन गुण वगळले तरीही लेस्टरच पहिला आला असता. मग त्या गोलाचें एवढें कौतुक कशासाठीं? गणित बिनचूक आहे, पण तें मे महिन्यांतील गणित आहे. फेब्रुवारींतल्या त्या सायंकाळीं पुढचें पान कोणासच वाचतां येत नव्हतें. आर्सेनलच्या त्या घावानंतर पुन्हां निराशा पदरीं आली असती, तर संघाचें आणि गांवाचें मन कोठें गेलें असतें, हें कोणतें गणित सांगेल? निसटत्या विजयाचें मोल गुणांच्या यादींत नसतें. शेवट ठाऊक नसतांना जागा न सोडण्यांत असतें.

आणि आणखी एक. त्या दिवशीं मैदानाच्या एका कोपऱ्यांत नॉरिचहून आलेली मंडळी बसलीं होतीं. एकोणनव्वद मिनिटें त्यांनींही श्वास रोखला होता. त्यांचा संघ त्या हंगामाअखेर खालच्या वर्गांत गेला. त्यांच्या स्तब्धतेची नोंद कोणत्याही यंत्रानें केली नाहीं. पण दैवाचें चाक थांबत नाहीं. सात वर्षांनीं, 2023 मध्यें, लेस्टरलाही तीच पायरी उतरावी लागली. निसटतें यश ज्यानें मनापासून अनुभवलें आहे, त्याला निसटत्या अपयशाचें दुःख परकें वाटूं नये.

म्हणून श्रोतेहो, आपला संघ एका गोलानें जिंकेल तेव्हां खुशाल नाचावें. मात्र घरीं परततांना वाटेंत परगांवचा एखादा खिन्न चेहरा दिसला, तर त्याला क्षणभर वाट द्यावी. आज आपल्या बाजूनें वळलेला चेंडू उद्यां कोणीकडे वळेल, हें त्यालाही ठाऊक नसतें आणि आपणांसही नसतें.