एक किलो तांदळाचं वजन

आज मी मांजराच्या शी-शूच्या पेटीवर बोलणार आहे. हे ऐकून पत्नी म्हणाली, "रेडिओवर हा काय विषय झाला?" मी म्हटलं, "कवितेवर इतकी वर्षं बोललो, त्यानं कुणाचं काही अडलं-नडलं नाही. हे ऐकून निदान एखादं पिल्लू तरी वाचेल."

गोष्ट माझ्या भाच्याची आहे. तो पुण्यात कोंढव्याला राहतो. कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्यानं धंदा काढायचं ठरवलं. फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्यांकडून दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची आणि सगळं घरपोच द्यायचं. खाणं, पेटीत घालायची माती आणि आपली आपण साफ होणारी पेटी. पेटी भाड्यानं, दुरुस्ती त्याच्याकडे. भांडवलासाठी माझ्या थोरल्या बहिणीनं, आमच्या आपानं, आपल्या चार पाटल्या बँकेत तारण ठेवल्या.

आमच्या लहानपणी मांजर परसात जायचं. पायानं खड्डा करायचं, वर माती ओढायचं. सातव्या मजल्यावर परस कुठून आणणार? अमेरिकेत पूर्वी लोक घरात वाळू नाहीतर राख ठेवत. १९४७ सालच्या जानेवारीत मिशिगन राज्यात एका बाईची वाळू थंडीनं गोठली. ती शेजारच्या एडवर्ड लो या तरुणाकडे वाळू मागायला गेली. त्यानं तिला कारखान्यात सांडलेलं तेल टिपायची माती दिली. ती मांजराला आणि बाईला इतकी आवडली, की लो यांनी ती पिशव्यांत भरून विकायला काढली आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. ही माती म्हणजे आपल्या बायका तोंडाला लावतात त्या मुलतानी मातीचीच बहीण.

पुढे १९८०च्या दशकात बेंटोनाइट माती आली. आपल्या कच्छमध्येही तिच्या खाणी आहेत. ओली झाली की तिचा गोळा होतो. गोळा झाला म्हणून तो चाळून वेगळा काढता येऊ लागला आणि मगच पेटीला यंत्र जोडायची सोय झाली. काही पेट्यांत दाताळं सरकतं आणि गोळे ओढून खणात टाकतं. काहींत मोठा पिंप असतो. मांजर बाहेर पडलं की काही मिनिटं थांबून पिंप फिरतो, माती चाळली जाते, गोळे खालच्या खणात पडतात. मांजर आत आहे की नाही, हे यंत्राला तळाच्या वजनकाट्यावरून आणि तोंडाशी असलेल्या अदृश्य किरणांवरून कळतं. निदान कळायला हवं.

भाच्यानं तीन नमुने मागवले. मी तेव्हा पुण्यातच होतो. तिन्ही फिरत्या पिंपाचे, दिसायला पांढरेशुभ्र. एक सगळ्यांत स्वस्त. त्याच्या चीनमधल्या विक्रेत्याचा रोज निरोप यायचा, शुक्रवारपर्यंत शंभर नगांचे पैसे भरा, मोठी सूट देतो. भाचा वायफायबद्दल, मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यांबद्दल भरभरून बोलत होता. आपा ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पिल्लू आत असताना हे फिरलं तर?"

भाचा म्हणाला, "अम्मी, सेन्सर आहे."

आपा उठली. एक किलो तांदळाची पिशवी जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "हे पिल्लू. ठेव तोंडाशी, अर्धं आत, अर्धं बाहेर."

तिन्ही काट्यांना ते वजन लागलंच नाही. यात लबाडी नव्हती. दीड किलोच्या आतल्या पिल्लासाठी आपोआप फिरणं बंद ठेवा, असं अशा बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पहिल्या यंत्राचा किरण अडला, ते हललंच नाही. दुसरं फिरू लागलं, पिशवीला कड टेकताच थांबलं आणि उलटं फिरून मोकळं झालं. स्वस्तातलं फिरतच राहिलं. पिंपाचं तोंड आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये पिशवी चेपली, फाटली आणि तांदूळ घरभर झाले. कुणी काही बोललं नाही. अशा खराब बनावटीच्या पेट्यांत अडकून मांजरं मेल्याच्या बातम्या परदेशातून आलेल्या आहेत, त्या भाच्यानं त्या रात्री वाचल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक परीक्षा घेतली. पिंप अर्धा फिरला असताना वीज बंद केली, पिशवी आत ठेवली आणि वीज परत सुरू केली. आपल्याकडे वीज अशीच येते-जाते. पहिलं यंत्र किरण तपासून थांबून राहिलं. दुसरं काही न बघता पुढे फिरू लागलं. मग वायफाय बंद केलं. पहिलं यंत्र त्याशिवायही काम करत होतं. हेही बघावं लागतं. अमेरिकेत २०२० साली इंटरनेटवर चालणाऱ्या, मांजरांना खाणं वाढणाऱ्या यंत्रांची सेवा काही दिवस बंद पडली होती आणि मालक हवालदिल झाले होते.

विकून मोकळं व्हायचं असतं तर गोष्ट वेगळी. इथे भाड्याचा मामला. स्वस्त यंत्र बिघडलं की फिरून याच्याच दारात येणार. म्हणून त्यानं विक्रेत्यांना प्रश्न विचारले. मोटर, पट्टा, काटा सुटा मिळेल का? किती दिवसांत? वायफायच्या यंत्राला आयातीसाठी दूरसंचार खात्याची मंजुरी लागते, ती आहे का? स्वस्तवाल्यानं कळवलं, नव्या नगात दोष काढला आहे. भाच्यानं लिहिलं, तो नग पाठवा. तो अजून आलेला नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली. आमच्या घरी बोका होता. ट्रे माझी पत्नी साफ करायची. एका सकाळी ती म्हणाली, "हा सारखा जाऊन बसतोय आणि माती कोरडी आहे." डॉक्टरांनी नळी घालून तुंबलेली लघवी काढली. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आमचा बोका वाचला तो ट्रे हातानं साफ होत होता म्हणून. चांगली यंत्रं मांजर किती वेळा आलं, वजन किती, हे नोंदवतात. ते उपयोगीच आहे. पण ती नोंद कुणी बघितली तर.

आमची आजी एक हदीस सांगायची. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, बाहेर सोडलं नाही, ते मेलं. त्याची शिक्षा तिला मिळाली. तिनं मांजराला मारलं नव्हतं, फक्त दार लावून ती विसरली होती, असं आजी म्हणायची. यंत्र लावून विसरणं त्यापासून फार लांब नाही.

भाच्यानं शंभरऐवजी पहिल्या, महाग यंत्राचे वीस नग घेतले. दोन पाटल्या सोडवून आणल्या. गिऱ्हाइकाच्या करारात दोन अटी मोठ्या अक्षरांत आहेत. पिल्लू लहान असेपर्यंत साधा ट्रे वापरायचा. आणि आठवड्यातून एकदा खण स्वतः उघडून बघायचा. या अटींमुळे काही गिऱ्हाइकं गेली. धंदा हळू चालला आहे, आणि पाटल्या पूर्ण सुटायला वेळ लागेल.

प्रत्येक यंत्र गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याच्या तोंडाशी एक किलो तांदूळ ठेवून बघतात. त्यासाठीच्या पिशव्या आपा जाड कापडाच्या शिवून देते.