कंठातील दप्तर



पवनेवरील ज्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडकरांच्या घरी पाणी जाते, त्या रावेतच्या भूमीवर उतारवयातील संगीत आणि स्मृती यांचा विचार करणाऱ्या या परिषदेसाठी आपण अगत्याने जमलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले सहर्ष स्वागत करतो.

हा विषय या मुलखाला परका नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली तरी जनांच्या कंठातील अभंग बुडाले नाहीत, अशी येथील श्रद्धा आहे. आणि ते अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे येथून जवळच्याच चाकणचे. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळशीपासून आरंभ करून खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. अक्षरओळख नसलेल्या कित्येकींनी त्या केवळ स्वराच्या आधारे जतन केल्या होत्या.

वयाच्या साधारणतः दहाव्या ते तिसाव्या वर्षांतील आठवणी उतारवयात विशेष ठळक राहतात, आणि अल्झायमरने ग्रासलेल्या मनातही ओळखीचे गाणे पुष्कळदा इतर स्मृतींहून अधिक काळ टिकते, हे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. शब्द, चाल, ठेका आणि भावना ही गाण्यात एकमेकांना धरून असल्यामुळे एक हाती लागले की उरलेली मागोमाग येतात. नातवाचे नाव पुनःपुन्हा विचारणारे एक वृद्ध गृहस्थ, काकड्याच्या भजनात चालकाचे चरण चुकताच टाळ न थांबविता पुढचा शब्द अचूक पुरवितात, हे मी स्वतः पाहिले आहे. संगीताने व्याधी हटत नाही. परंतु व्याधिग्रस्त माणूस घटकाभर आपल्या माणसांत परत येतो, ही प्राप्ती अल्प नव्हे.

कारखान्यांत आणि संगणक-कंपन्यांत रुजू झालेल्या मुलांमागोमाग खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथून आलेले कितीतरी आईवडील कालपरवाच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या येथील उंच इमारतींत राहतात. त्यांची गाणी शेजाऱ्याला ठाऊक नसतात आणि कित्येकदा मुलांनाही नसतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते, त्यांच्या कंठात काय साठले आहे, हे विचारण्यास आता फारसा अवधी उरलेला नाही. म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांच्या गाण्यांची, भजनांची, ओव्यांची यादी ती सांगणाऱ्यांची स्मृती शाबूत असतानाच करून ठेवावी, आणि आजारपणाच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने ती जपावी.

आपल्या विचारविनिमयातून या कार्यास शिस्त आणि दिशा लाभो, अशी इच्छा व्यक्त करून, अध्यक्षमहाराजांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.