डॅलसचा तिसरा भरवसा



अमेरिकेत एखाद्या बास्केटबॉल संघाने अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घेतला की तो किती गुण करील, याची चर्चा दोन दिवसांत संपते. मग खरी चर्चा सुरू होते ती अशी, की याच्या भोवती संघ उभा करता येईल का? पुढची दहा वर्षं तिकिटं, करार, प्रशिक्षक, बाकीचे खेळाडू हे सगळं या एका मुलाकडे बघून ठरवता येईल का? अशा खेळाडूला तिथे फ्रँचाइझी प्लेअर म्हणतात. आयपीएलमुळे फ्रँचाइझी आपल्या अंगवळणी पडली आहे, पण क्रिकेटमध्ये एका माणसावर इतका भार टाकताच येत नाही. मोठ्यात मोठा फलंदाजसुद्धा एका चेंडूवर तंबूत परततो. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर एका बाजूचे पाचच जण असतात. सामना 48 मिनिटांचा, त्यातली पस्तीस-छत्तीस मिनिटं मुख्य खेळाडू कोर्टवरच असतो, आणि सहा फाऊल होईपर्यंत साध्या चुकांनी तो बाद होत नाही. म्हणून तिथे एक माणूस संघाचं नशीब पालटू शकतो. फक्त तो माणूस कोण, हे आधी कळत नाही.

सध्या ही चर्चा ज्याच्याभोवती फिरते आहे तो कूपर फ्लॅग. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या न्यूपोर्ट या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावातला हा मुलगा. आई स्वतः महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळलेली. 1986 सालच्या बॉस्टन सेल्टिक्सचे जुने सामने बघत तो वाढला. सतराव्या वर्षी, 2024च्या ऑलिम्पिकआधी, त्याला लास वेगासमध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाविरुद्ध सराव खेळायला बोलावलं होतं. त्या मोठ्या लोकांसमोर तो बिचकला नाही. ड्यूक विद्यापीठाकडून एकच वर्ष खेळला, त्यात देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे मानाचे पुरस्कार घेतले आणि जून 2025मध्ये डॅलस मॅव्हेरिक्सने त्याला एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर उचललं.

आता ‘हा मुलगा फ्रँचाइझी प्लेअर होईल का’ असं विचारताना सगळे मुलाकडेच बघतात. मला वाटतं, थोडं डॅलसकडेही बघायला हवं. कारण या एका संघाने गेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न दोनदा सोडवला, आणि दुसऱ्यांदा सोडवलेलं उत्तर स्वतःच्या हाताने पुसून टाकलं.

पहिला डर्क नोवित्स्की. जर्मनीतल्या व्युर्झबर्गचा सात फुटी, लाजरा मुलगा. 1998च्या ड्राफ्टमध्ये तो नवव्या क्रमांकावर गेला आणि अदलाबदलीतून डॅलसकडे आला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती 8.2 गुण. आजच्यासारखं दर तासाला निकाल लावणारं वातावरण असतं, तर पहिल्या दोन महिन्यांतच त्याला मोडीत काढलं असतं. डॅलसने काढलं नाही. 2006च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून डॅलसने पुढचे चार गमावले. पुढच्या हंगामात 82पैकी 67 सामने जिंकले, डर्क सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात आठव्या मानांकित गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवलं. पुरस्कार त्याच्या हातात पडला तेव्हा त्याचा संघ स्पर्धेत नव्हता! अशा वेळी ‘हा माणूस मोठ्या सामन्याचा नाही’ असं म्हणून त्याला विकून टाकणं सोपं होतं. 2011मध्ये त्याच डर्कने लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश एकत्र आलेल्या मायामीला हरवून डॅलसला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. तेरावा हंगाम होता तो त्याचा. एकाच संघाकडून तो एकवीस हंगाम खेळला. एनबीएमध्ये असं दुसऱ्या कोणीच केलेलं नाही.

दुसरा लुका डॉन्चिच. स्लोव्हेनियाचा. तेराव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये दाखल झालेला आणि एकोणिसाव्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. इथे आपल्याकडचा एक धागा येतो. 2018च्या ड्राफ्टमध्ये दुसरी निवड सॅक्रमेंटो किंग्जची होती. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले. 2019च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनीच किंग्जला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळायला आणलं होतं आणि पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं. तर या किंग्जने 2018मध्ये लुकाला सोडून मार्व्हिन बॅगली या अमेरिकन मुलाला घेतलं. लुका तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाकडे आणि तिथून लगेच डॅलसकडे गेला. बॅगली चार वर्षांच्या आत किंग्जमधून बाहेर पडला. वरळीत त्या मुलांसमोर लुका खेळला असता, हा विचार मला अजून छळतो.

डॅलसमध्ये लुकाने काय केलं नाही? दुसऱ्या हंगामापासून सलग पाच वर्षं तो एनबीएच्या सर्वोत्तम पाचांत होता. जानेवारी 2024मध्ये, ज्या अटलांटाने त्याला हातचा जाऊ दिला त्यांच्याच मैदानावर, एका सामन्यात 73 गुण केले. त्याच वर्षी संघाला अंतिम फेरीत नेलं, तिथे बॉस्टनने हरवलं. डर्कच्या मापाने बघितलं तर तो अजून अर्ध्या वाटेवर होता. आणि आठ महिन्यांनी, फेब्रुवारी 2025च्या सुरुवातीला, मध्यरात्री बातमी आली की डॅलसने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस. लुका पंचविशीचा, डेव्हिस एकतिशीचा. जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं, विजेतेपदं बचावावर मिळतात. लुकाच्या वजनाबद्दल आणि तंदुरुस्तीबद्दल कुरबुर होतीच, शिवाय पुढच्या उन्हाळ्यात सुमारे 34.5 कोटी डॉलरच्या कराराला तो पात्र ठरणार होता.

हिशेब म्हणून यात थोडंफार तथ्य होतं, हे मी मान्य करतो. लुका बचावात आळशी होता, हे कुणीही सांगेल. पण मॅनेजरने एक गोष्ट हिशेबात धरली नाही. असा खेळाडू शहरातल्या लोकांच्या घरचा झालेला असतो. डॅलसचे प्रेक्षक स्टेडियमबाहेर डर्कच्या पुतळ्याजवळ जमले, कोणी तर शवपेटी घेऊन आलं. पुढे डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, मार्चमध्ये संघाचा दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्व्हिंग याचा गुडघा गेला. एप्रिलमध्ये लुका लेकर्सकडून डॅलसला खेळायला आला, सामन्याआधी जुन्या क्षणांची चित्रफीत बघताना रडला आणि मग 45 गुण करून गेला. नोव्हेंबरात हॅरिसन यांची नोकरी गेली.

आणि या सगळ्या पडझडीत डॅलसला लॉटरी लागली. ड्राफ्टमध्ये पहिली निवड कोणाची, हे ठरवणारी एनबीएची लॉटरी हा गमतीचा प्रकार आहे. चौदा चेंडूंतून चार काढतात, त्यांच्या 1001 जुळण्या होतात, एक बाजूला ठेवून बाकीच्या हजार संघांमध्ये वाटतात, हरणाऱ्याला जास्त. डॅलसच्या वाट्याला फक्त 18 होत्या. त्यातलीच एक निघाली. लुकाची भरपाई म्हणून हे घडवून आणलं, असं म्हणणारे अजून भेटतात. मी त्यांच्यातला नाही, पण त्यांचा संशय समजू शकतो.

पहिला क्रमांक म्हणजे काम फत्ते, असं मात्र नाही. 2001 ते 2015 या काळात पहिल्या क्रमांकावर निवडलेले पंधरा खेळाडू घ्या. ज्या संघाने निवडलं त्याच संघाला विजेतेपद मिळवून देणारे त्यांत दोनच, लेब्रॉन आणि अर्व्हिंग, दोघेही 2016च्या क्लीव्हलँडचे. त्यातला लेब्रॉन तर मध्ये चार वर्षं सोडून गेला होता. उलट आपापल्या संघाला विजेतेपद मिळवून देणारे बघा: स्टेफन करी सातव्या क्रमांकाचा, यानिस आंटेटोकुंपो पंधराव्या, निकोला योकिच एकेचाळिसाव्या. आणि डेरिक रोझ आठवतो? शिकागोलाही 2008मध्ये अशीच, 1.7 टक्क्यांची लॉटरी लागली होती. मुलगा शिकागोचाच. बाविसाव्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, इतका तरुण दुसरा कोणी नाही. एप्रिल 2012मध्ये, जिंकत आलेल्या सामन्याची शेवटची दीड मिनिटं उरली असताना त्याचा गुडघा फाटला. तिथून पुढे तो रोझ परत दिसला नाही. त्यात ना मुलाचा दोष, ना संघाचा.

फ्लॅगबद्दल माझं मत विचाराल तर मी आशावादी आहे, आणि त्याच्या गुणांमुळे नाही. पावणेसात फुटांचा हा मुलगा हातात चेंडू नसतानाही सामन्यात असतो. सोबत्याचा माणूस निसटला की मदतीला धावतो, रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू पुढे नेतो, मोकळ्या सोबत्याला वेळेत पास देतो. नेम काही रात्री चुकतो, पण या गोष्टी नेम चुकलेल्या रात्रीही चालू राहतात. प्रशिक्षक जेसन किड, जे 2011च्या विजेत्या संघात डर्कबरोबर खेळले, त्यांनी सुरुवातीला त्याला थेट पॉइंट गार्ड केलं, म्हणजे संघाचं सुकाणूच हातात दिलं. अर्व्हिंग जखमी होता म्हणून नाइलाज असेल, तरी अठरा वर्षांच्या मुलावर तो भार जास्त होता, असं मला वाटतं. डर्कला मोठं व्हायला मिळालेली वर्षं याला मिळतील का, हे मुलापेक्षा मालकांवर ठरेल. डर्कच्या वेळचे मालक मार्क क्यूबन यांनी 2023च्या अखेरीस बहुसंख्य हिस्सा विकला. लुकाचा निर्णय नव्या मालकांच्या काळातला.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांपर्यंतचा असतो. तिसरा हंगाम संपला की वाढीव कराराची बोलणी सुरू होऊ शकतात. म्हणजे फ्लॅगच्या बाबतीत 2028चा उन्हाळा. तेव्हा तो एकवीस वर्षांचा असेल. डॅलस त्याच्यापुढे मोठ्यात मोठा आकडा ठेवील, यात मला शंका नाही. पण सही करण्याआधी लुकाचं काय झालं, हे तो मुलगा विचारील, आणि त्याचं उत्तर संघाला आतापासून तयार ठेवावं लागेल.