युद्धातून परतू न शकलेले घोडे



पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० साली डोरोथी ब्रुक कैरोत आल्या, तेव्हा वृद्ध, जखमी झालेले ते जीव गाड्या ओढीत होते. १९३१ मध्ये त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिले. देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि तीन वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले गेले. बहुतेकांना वेदनामुक्त मरणच देता आले.

परंतु घोडा नुसताच हिरावून घेतला असता, तर गरीब मालकाची चूल कशी पेटली असती? म्हणून त्याला किंमत दिली गेली. आणि १९३४ मध्ये श्रमणाऱ्या जनावरांसाठी मोफत रुग्णालय उभे राहिले. करुणेला व्यवस्थेची जोड लाभली, तरच ती टिकते.