शनिवार-रविवार दादरला खेळायला जाताना

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावणात आपलं पथक मंगळागौरीचे खेळ करायला मुंबईला जातंय, हे तुम्हाला माहीत आहेच. शनिवारी दादरला हॉलमध्ये, रविवारी लालबागला चाळीत. मंगळागौर खरी मंगळवारची. पण तिकडच्या नोकरीवाल्या बायकांना मंगळवारी सुट्टी कुठली? म्हणून खेळ शनिवार-रविवारी. शुक्रवारी रात्री चिपळूणला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, की सकाळी दादर.

आता तयारीचं बोलू. लावणीने कंबर आधीच धरलेली आहे, म्हणून आजपासून रोज अर्धा तास सराव. आधी झिम्मा, पिंगा. अंग तापलं की मगच फुगडी. फुगडीत हात ताठ, पाय जवळ, अंग मागे. तळहाताला घाम आला तर पदराला पुसा. थांबताना वेग कमी करत थांबा. एकदम हात सोडला तर समोरची डोक्यावर आपटते. गुडघे दुखतात तिने कोंबडा करू नये. तिने सूप नाचवावं, गाणं धरावं. तेही खेळणंच आहे.

श्रावणी शनिवारचा उपास आहे म्हणून कोणी उपाशी पोटी घुमू नका. चक्कर येते. उपासाचं का होईना, दोन तास आधी पोटभर खा.

नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. लांब हार नकोत. आणि काचेच्या बांगड्या सगळ्यांनीच काढून ठेवायच्या. फुगडीत फुटल्या की मनगट कापतं.

बांगड्यांवरूनच मुख्य विषयावर येते. एका ठिकाणच्या आयोजकांनी निरोप पाठवलाय, 'फक्त सवाष्णी आणा.' आपल्या पथकात नवरा गेलेल्या बहिणी आहेत. दंडफुगडी त्यांच्याइतकी कोणाला येते? गटाची बचत त्यांनी एक महिना चुकवली नाही, कर्जाला जामीन त्या राहिल्या. पैशाच्या वहीत त्यांची सही चालते आणि रिंगणात त्यांचा हात चालत नाही, हे कसं?

पूजेला कोणी बसायचं ते त्या घरचे ठरवतील. खेळायला कोणी उतरायचं ते आपण ठरवायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. पुढे सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. एक गाव करू शकतं, तर आपला संघ का नाही?

आणि आपण जातोय तो लालबाग-परळचा भाग म्हणजे गिरणगाव. आपल्याच कोकणातली माणसं तिथे गिरणीत राबली. घर गावाला, म्हणून जेवायला खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नवरा आहे की नाही, यावर त्यांची भाकरी थांबली नव्हती. आपला बचत गट त्याच वाटेवरचा आहे.

म्हणून माझी सूचना अशी. आजच ठराव घ्यायचा: पथक जाईल तर सगळ्यांसकट जाईल. तो निरोप आयोजकांना आधीच कळवायचा, तिथे जाऊन वाद नको. नाही म्हणाले तर एका दिवसाचं मानधन जाईल. ते मोठं आहे, मला माहीत आहे; दोन्हीकडचं भाडं त्यातूनच निघणार आहे. तरीही माझं मत हेच.

मानधन संघाच्या खात्यात जमा होईल. प्रवासखर्च वजा जाता उरेल ते सारखं वाटायचं. फुगडी घालणारीला जेवढं, तेवढंच गाणारीला.

प्रत्येक गटाने आपल्यात चर्चा करून नावं शुक्रवारपर्यंत द्यावीत. नावापुढे 'सौ.' की 'श्रीमती' हे लिहायची गरज नाही. नुसतं नाव आणि गटाचं नाव पुरे.