धुराच्या नळीतली शेगडी

वर्धा ते सेवाग्राम हे अंतर जेमतेम आठ किलोमीटरांचे. भाड्याची गाडी चालवणारा माणूस दिवसभर एवढ्याच फेऱ्या घालतो. रुग्णाला कस्तुरबा रुग्णालयात न्यायचे, बापूकुटी पाहून आलेल्यांना स्टेशनावर सोडायचे. एक दिवस गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर बरी चालते! गॅरेजवाला यंत्र लावून ‘पी ०१३५’ हा कोड वाचतो आणि म्हणतो, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा टाका.’ म्हणजे काही हजारांचा खर्च. तो करण्याआधी पंधरा मिनिटे थांबा, एवढेच मला सांगायचे आहे.

चुलीला हवा कमी पडली की धूर होतो, हे आपल्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. इंजिन ही एक चूलच. तिच्या धुरात प्राणवायू किती उरला हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. पण हा सेन्सर सुमारे ३०० अंश तापल्याखेरीज बोलतच नाही. आपला वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांचा; तो इथे काय पुरणार? १९७६ साली बॉशचा हा सेन्सर व्होल्व्हो गाड्यांत आला, तेव्हा तो केवळ धुराच्या उष्णतेवर तापे. १९८२ पासून त्याच्या पोटात विजेची छोटी शेगडी, म्हणजे हीटर, आली.

हीटर बंद पडला तर नागपूरपर्यंतच्या प्रवासात धूरच सेन्सरला तापवतो. आठ किलोमीटरांच्या फेरीत मात्र बराच वेळ संगणक अंदाजानेच पेट्रोल देतो. पेट्रोल जादा जाते, धूर वाढतो, आणि असेच दिवस काढले तर धूर शुद्ध करणारा महागडा कन्व्हर्टरही खराब होऊ शकतो. तेव्हा दुर्लक्ष नको. पण घाईही नको.

‘पी ०१३५’ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या हीटरचा वीजमार्ग बिघडला. ‘पी ०१४१’ म्हणजे नंतरच्या. सेन्सरच गेला, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही!

इंजिन थंड असताना, किल्ली बंद करून, आधी फ्यूज पाहा. तो जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा जळला तर मोठा फ्यूज घालू नका, बरं का. एखादी वायर तापलेल्या नळीला टेकून सोलली असेल, ती शोधा. मग वायरींचा जोड उघडा. पावसाळ्यातला चिखल, हिरवा गंज, उंदराने कुरतडलेली वायर, हे सगळं डोळ्यांनीच दिसतं.

आता मल्टिमीटर घ्या. चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात. सेन्सरच्या बाजूने त्या दोहोंमधला रोध मोजा. थंड हीटरचा रोध बहुधा थोडेच ओहम असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. मीटर ‘अनंत’ दाखवील तर हीटरची तार तुटली. मग सेन्सर बदलणे भागच. रोध ठीक असेल तर गाडीच्या बाजूच्या जोडात, किल्ली चालू करून, १२ व्होल्ट येतात का पाहा. काही गाड्यांत ते इंजिन सुरू असतानाच येतात. येत नसतील तर दोष फ्यूज, रिले किंवा वायरीचा. येत असतील तर संगणकाकडे जाणारी दुसरी वायर तपासा.

सेन्सर बदलायचाच झाला तर आट्यांना गंज सोडवणारे तेल लावून थोडा वेळ थांबा. जोर केला तर नळीचे आटे जातात. नव्याच्या टोकाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका. शेवटी कोड पुसा, दुसऱ्या दिवशी थंड गाडी सुरू करा आणि दिवा परत येतो का ते पाहा.

आणि गॅरेजवाल्याला निःसंकोच विचारा, ‘भाऊ, रोध किती आला?’ चांगला कारागीर या प्रश्नावर रागावत नाही. तो मीटर काढून दाखवतो.